नगरातील माणूस आणि त्याचे मन

खेड्यात राहणारा मनुष्य दिवसभरात ज्या माणसांना भेटतो त्यांपैकी बहुतेकांची नावे, घरे आणि सुखदुःखे त्याला ठाऊक असतात. महानगरात राहणारा मनुष्य सकाळी घराबाहेर पडल्यापासून रात्री परत येईपर्यंत हजारो चेहरे पाहतो. परंतु रात्री आठवू म्हटले तर त्यांतील दोन-चारही त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. बसच्या रांगेत त्याच्या पुढे कोण उभे होते, कार्यालयाच्या उद्‌वाहनात कोणाचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता, हे त्याला सांगता येत नाही. माणसांच्या इतक्या निकट राहूनही तो त्यांच्यापासून दूर असतो.

भारतात हा अनुभव आता थोड्या लोकांपुरता उरलेला नाही. १९५१च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे १७ टक्के लोक शहरांत राहत होते. २०११च्या जनगणनेत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले आणि नागरी लोकसंख्या ३७ कोटी ७० लाख झाली. १९५१ साली संपूर्ण देशाची लोकसंख्याही याहून कमी, म्हणजे ३६ कोटी १० लाख होती. साठ वर्षांच्या अवधीत एका अख्ख्या देशाएवढा समाज गर्दीत राहावयास शिकला, असे म्हणता येईल. हे शिकताना माणसाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. गावाकडून आलेला पाहुणा म्हणतो, शहरातील माणसे कोरडी असतात. शहरातील मनुष्य म्हणतो, कोणालाच वेळ नसतो. दोहोंतही सत्याचा अंश आहे. पण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. मानसशास्त्राच्या अभ्यासातून जे चित्र उभे राहते ते असे, की औदासीन्य हा नगरवासीयाचा जन्मजात स्वभाव नसून ती त्याच्या मनाने अंगी बाणवलेली सवय आहे. ही सवय उपयोगी आहे. परंतु ती त्याच्या नकळत काम करीत असते आणि त्यामुळेच नको त्या ठिकाणीही आपला अंमल चालवते.

बर्लिनचे उदाहरण

या विषयाचा मूलभूत विचार करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. झिमेलचा जन्म १८५८ साली बर्लिनमध्ये झाला. त्याच्या डोळ्यांदेखत हे शहर झपाट्याने वाढले. १८७१ साली बर्लिनची लोकसंख्या सुमारे आठ लाख होती. १९०० साली ती एकोणीस लाखांच्या घरात गेली. १९०३ साली झिमेलने महानगर आणि मानसिक जीवन यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. हा छोटासा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो.

झिमेलचे म्हणणे थोडक्यात असे. महानगरात इंद्रियांवर क्षणोक्षणी नवनवे आघात होत असतात. दृश्ये बदलतात, आवाज बदलतात, चेहरे बदलतात. प्रत्येक आघाताला मनुष्य अंतःकरणापासून प्रतिसाद देऊ लागला तर त्याची शक्ती काही तासांतच संपून जाईल. म्हणून तो अंतःकरणाऐवजी बुद्धीने व्यवहार करतो. समोरच्या व्यक्तीकडे तो गिऱ्हाईक, कारकून, वाहक किंवा प्रवासी या नात्याने पाहतो आणि तेवढ्यापुरताच तिच्याशी संबंध ठेवतो. पैसा आणि घड्याळ हे या जीवनाचे दोन नियंते होत. बर्लिनमधील सर्व घड्याळे तासभर जरी चुकली तरी तेथील व्यवहार दीर्घकाळ विस्कळीत होतील, असे झिमेलने लिहिले आहे. उपनगरी गाड्यांच्या वेळापत्रकावर ज्यांचा दिवस बेतलेला असतो त्या मुंबईकरांना या विधानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

झिमेलने या अलिप्ततेची निंदा केली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अलिप्ततेमुळेच नगरवासीयाला गावात दुर्मिळ असलेले स्वातंत्र्य मिळते, असे त्याने दाखवून दिले. गावात प्रत्येकाची नजर प्रत्येकावर असते. शहरात कोणी कोणाची जात, पूर्वेतिहास किंवा घरची भांडणे विचारीत नाही. गावातील जाचाला कंटाळून शहर गाठणाऱ्या असंख्य भारतीय स्त्रीपुरुषांना या स्वातंत्र्याचे मोल ठाऊक आहे.

अवधानाची काटकसर

झिमेलने निरीक्षणाने जे सांगितले त्याला १९७० साली स्टॅन्ली मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अधिक नेमके रूप दिले. मनाची ग्रहणशक्ती मर्यादित आहे आणि शहर तिच्यावर तिच्या क्षमतेपेक्षा अधिक भार टाकते, हे त्याच्या विवेचनाचे सूत्र होते. भार किती असतो हे दाखविण्यासाठी त्याने न्यूयॉर्क परिसराचे आकडे दिले. उपनगरी नासाऊ भागात कार्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरात सुमारे ११,००० माणसांशी गाठ पडण्याची शक्यता असते. मॅनहॅटनच्या मध्यभागी हीच संख्या २,२०,००० होते.

एवढ्या भाराखाली मन काटकसर करू लागते. प्रत्येक व्यक्तीला ते कमी वेळ देते. ज्यांच्याशी थेट काम नाही त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. चेहरा गंभीर ठेवून, वर्तमानपत्र उघडून किंवा हल्लीच्या काळात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नजर खिळवून ते इतरांना दूर ठेवते. आणि ज्या गोष्टी पूर्वी शेजारी करीत असत त्या ते संस्थांवर सोपवते. रस्त्यात भुकेला मनुष्य दिसला तर त्याच्यासाठी शासनाची काही योजना असेलच, असे मनाशी म्हणून पुढे जाणे हे या शेवटच्या प्रकारचेच उदाहरण होय.

मिलग्रामने आणखी एका नात्याकडे लक्ष वेधले. रोज त्याच फलाटावर, त्याच वेळी दिसणारी काही माणसे असतात. त्यांचा चेहरा, पिशवी, उभे राहण्याची जागा सारे ओळखीचे असते. तथापि त्यांच्याशी एक शब्दही बोलणे झालेले नसते. अशा व्यक्तीला त्याने ‘परिचित अपरिचित’ असे नाव दिले. १९७२ साली त्याने व त्याच्या विद्यार्थ्यांनी एका उपनगरी स्थानकावरील प्रवाशांची छायाचित्रे घेऊन ती त्याच प्रवाशांना दाखविली, तेव्हा प्रत्येकाला सरासरी चार परिचित अपरिचित असल्याचे आढळले. हे नाते पोकळ नव्हते. ब्रुकलिनमध्ये एक स्त्री रस्त्यात बेशुद्ध पडली असता, जिने वर्षानुवर्षे तिला केवळ पाहिले होते अशी एक रहिवासी पुढे झाली आणि तिला घेऊन रुग्णालयापर्यंत गेली, असा प्रसंग मिलग्रामने नोंदविला आहे. औदासीन्याच्या कवचाखाली ओळख साठत असते. ती व्यक्त व्हावयास निमित्त लागते, एवढेच.

जबाबदारीची वाटणी

ही सवय घातक केव्हा ठरते, याची चर्चा १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका खुनानंतर विशेष सुरू झाली. १३ मार्च रोजी पहाटे किटी जेनोव्हीज या तरुणीची तिच्या घराजवळ हत्या झाली. अडतीस शेजारी ती पाहत राहिले आणि कोणीही काही केले नाही, असे वृत्तपत्रात छापून आले. ही बातमी अतिरंजित होती. प्रत्यक्ष पाहणारे थोडे होते, एकाने ओरडून हल्लेखोराला हुसकले होते आणि एक शेजारीण शेवटी तिच्याजवळ धावून गेली होती. अडतीस निष्क्रिय साक्षीदारांच्या कथेला पुरावा नाही, हे २००७ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासून दाखविले.

परंतु त्या बातमीतून सुरू झालेले संशोधन मोलाचे ठरले. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वतंत्र खोल्यांत बसवून यंत्राद्वारे परस्परांशी बोलावयास सांगितले. बोलता बोलता एकाला झटका आल्याचे भासविण्यात आले. आपण एकटेच हे ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी ८५ टक्के मदतीसाठी तातडीने बाहेर आले. आणखी चौघे ऐकत आहेत अशी ज्यांची समजूत होती त्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते. ते अस्वस्थ होते. पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडी येते आणि थोडी जबाबदारी कोणालाच खुर्चीवरून उठवीत नाही.

दुसरा घटक घाईचा. १९७३ साली डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत व्याख्यान देण्यासाठी जात असताना वाटेत एक मनुष्य कण्हत पडलेला त्यांना दिसेल, अशी योजना होती. काहींचा व्याख्यानविषय तर संकटग्रस्ताला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधील कथा हाच होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्के थांबले. कोणी कोणत्या विषयावर बोलणार होता यापेक्षा कोणाजवळ किती मिनिटे होती, याचा प्रभाव अधिक पडला. सद्‌भावना असूनही मनुष्य पुढे निघून जाऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखविले.

यावरून शहरे म्हणजे निर्दयतेची आगरे, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक होईल. २०१९ साली लँकेस्टर, ॲम्स्टरडॅम आणि केपटाउन या तीन शहरांतील रस्त्यांवरील २१९ भांडणांची कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये तपासण्यात आली. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एकजण तरी मध्ये पडला होता. धोका स्पष्ट दिसत असेल तेव्हा गर्दीतून कोणीतरी पुढे येतो. प्रसंग संदिग्ध असेल तेव्हा सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

भारतीय शहरांतील चित्र

पाश्चात्त्य शहरांतील हे निष्कर्ष भारताला कितपत लागू पडतात? रॉबर्ट लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगातील तेवीस मोठी शहरे होती. रस्त्यात पडलेले पेन उचलून देणे, पाय दुखावलेल्या माणसाच्या हातून पडलेली मासिके गोळा करून देणे आणि अंधाला रस्ता ओलांडावयास साहाय्य करणे, अशा साध्या कसोट्या प्रत्येक शहरात घेण्यात आल्या. रिओ द जानेरो पहिले आले. अखेरच्या दोन क्रमांकांवर न्यूयॉर्क आणि क्वालालंपूर होती. आणि दाट वस्ती व गरिबी यांसाठी जगभर ओळखले जाणारे कलकत्ता अग्रभागी असलेल्या शहरांत होते. केवळ गर्दीने माणुसकी आटत नाही, हे यावरून दिसते. त्या गर्दीत लोक परस्परांशी कोणत्या रीतीने वागावयास शिकले आहेत, यावर बरेच अवलंबून असते.

मुंबईच्या उपनगरी गाड्या याचे ठळक उदाहरण आहेत. ऐन गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. अशा डब्यातही तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला टेकू देण्याचा अलिखित संकेत पाळला जातो. कोण कोठे उतरणार हे विचारून बसण्याचा क्रम ठरतो. भजनी मंडळे टाळ वाजवीत जातात, दसऱ्याला डब्याला तोरण लागते, महिलांच्या डब्यात संध्याकाळच्या भाज्या निवडल्या जातात. कलकत्त्यातील रोयाकावर बसणारा अड्डा, तमिळनाडूतील घरापुढील तिण्णै, अहमदाबादच्या पोळींतील ओटले यांचेही कार्य असेच होते. घर आणि रस्ता यांच्या मधल्या या जागांत माणसाला आपल्या बेताने ओळख ठेवता येई. नव्या वसाहतींत अशा जागा कमी होत चालल्या आहेत.

परंतु भारतीय शहराची एक दुःखद बाजूही अभ्यासकांनी दाखविली आहे. गॅरी इव्हान्स आणि पुणे विद्यापीठातील म. न. पळसणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील कुटुंबप्रमुख पुरुषांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. लहान घरात बरीच माणसे राहत असली की सतत दाटीत राहणारा मनुष्य हळूहळू आपल्याच माणसांपासून मनाने दूर होतो, असे त्यात आढळले. तो बोलणे टाळतो, आतल्या आत राहतो. अशाने ज्या आधारावर त्याने कठीण काळात विसंबावे तोच आधार क्षीण होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पुण्यातील दहा ते बारा वर्षांच्या मुलांची पाहणी होती. अतिदाटीच्या घरांतील मुलांची शाळेतील प्रगती आणि आईबापांशी असलेले संबंध या दोहोंवर अनिष्ट परिणाम दिसून आला.

या निष्कर्षांचा अर्थ गंभीर आहे. रस्त्यावर जे कवच माणसाचे रक्षण करते ते घराच्या उंबरठ्यावर आपोआप गळून पडत नाही. अनोळखी गर्दीसाठी घडलेली सवय तो पत्नीपुढे, आईपुढे आणि मुलांपुढेही वापरू लागतो. मुलाने काही विचारले असता न ऐकताच ‘हं’ म्हणणारा बाप मुलाचा तिरस्कार करीत नसतो. दिवसभर चाललेली अवधानाची काटकसर तो घरीही चालू ठेवीत असतो. मुलाला मात्र हा फरक कळत नाही.

आत्मभानाचा उपयोग

सवय नकळत काम करते, म्हणून तिच्यावरील पहिला उपाय ती ओळखणे हाच आहे. हा केवळ नैतिक उपदेश नव्हे. त्याला प्रयोगांचा आधार आहे. एलेन लँगर आणि सुझन सेगर्ट यांनी १९७७ साली न्यूयॉर्कमधील दुकानांत एक प्रयोग केला. गृहिणींना वस्तूंची यादी देऊन प्रत्येक वस्तूचा सर्वांत किफायतशीर प्रकार शोधावयास सांगितले. गर्दीच्या वेळी काम कमी झाले आणि मन अस्वस्थ झाले, हे अपेक्षितच होते. परंतु गर्दीत माणसाला कधी कधी बेचैन वाटते, एवढेच ज्यांना आधी सांगून ठेवले होते त्यांचे काम अधिक चांगले झाले आणि त्यांना त्रासही कमी जाणवला. दुकान तेच होते, गर्दी तीच होती. आपल्याला जे होत आहे ते कशामुळे होत आहे, एवढे ज्ञान काय ते अधिक होते.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे गोंगाटावरील प्रयोगही हेच सांगतात. असह्य वाटल्यास आवाज बंद करण्यासाठी एक कळ काहींच्या हाताशी दिली होती. त्यांपैकी जवळजवळ कोणीच ती दाबली नाही. तरीही नंतर दिलेली अवघड कोडी त्यांनी इतरांपेक्षा कितीतरी अधिक चिकाटीने सोडविण्याचा प्रयत्न केला. काही उपाय आपल्या हाती आहे, ही जाणीवच मनाची झीज कमी करते.

स्वतःविषयीचे आपले अंदाजही तपासून पाहण्याजोगे असतात. निकोलस एप्ली आणि ज्युलिआना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या उपनगरी प्रवाशांवर प्रयोग केला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलण्यापेक्षा गप्प बसणे सुखाचे, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलावयास सांगितले त्यांचा प्रवास अधिक आनंदात झाला. प्रत्येकजण दुसऱ्याला बोलणे नको असेल असे समजून गप्प बसतो आणि त्यामुळे सारा डबा गप्प राहतो.

दैनंदिन जीवनात या ज्ञानाचा उपयोग साध्या रीतीने करता येतो. घरी पोहोचल्यावर काही मिनिटे स्वस्थ बसून, आपण अजून रस्त्यावरच्याच मनाने वागत आहोत काय, असे स्वतःला विचारणे हा त्यांतील एक मार्ग. रस्त्यात कोणी पडलेले दिसले आणि पाय आपोआप पुढे जाऊ लागले, तर ‘सारे असाच विचार करीत असतील’ हे आठवणे हा दुसरा. जो स्वतः संकटात आहे त्याने साऱ्या गर्दीला हाक मारण्यापेक्षा समोरच्या एकाला, त्याच्या सदऱ्याचा रंग सांगून, नेमके काम सांगावे. मग जबाबदारीची वाटणी होत नाही. अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलीस आणि न्यायालय यांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीनेही भारतात पुष्कळजण मागे राहत असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनीसांच्या संरक्षणासाठी असलेल्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात त्यांना स्थान मिळाले. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती आता करता येत नाही.

आत्मभानाला अर्थातच मर्यादा आहेत. दहा फुटांच्या खोलीत सात माणसे राहत असतील तर त्यावरचा खरा उपाय घर हाच आहे. कोंबून भरलेल्या गाडीवरचा उपाय आणखी गाड्या हाच आहे. मनाचा जो त्रास आजाराच्या पायरीला पोहोचला आहे त्याला उपचार हवेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भागापेक्षा महानगरांत मानसिक विकारांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने संपर्क साधता येतो. अशा मदतीची गरज ओळखणे हाही आत्मभानाचाच भाग होय.

नगरवासीयाने रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला आप्त मानावे, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. ते मनाच्या शक्तीबाहेरचे आहे. आपल्या अंगावर एक कवच आहे आणि ते कोणत्या वेळी कामाचे नाही, एवढे त्याने जाणले तरी पुरे. असे जाणणारी थोडी माणसे एखाद्या फलाटावर असतील, तर घेरी येऊन पडलेल्या प्रवाशाला पाणी मिळावयास वेळ लागत नाही.